शाहीर अमर शेख : महाराष्ट्र मागणारा पहाडी आवाज

१ मे आला की शाळाशाळांत महाराष्ट्र दिन साजरा होतो. हुतात्म्यांना वंदन होतं, भाषणं होतात. पण ज्या आवाजानं हा महाराष्ट्र गावोगावी, चाळीचाळीत मागितला, त्याचं नाव आपल्या घरातल्या किती मुलांना ठाऊक आहे? तो आवाज होता शाहीर अमर शेख यांचा.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत एका गरीब मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी यांच्या तोंडून लोकगीतं ऐकतच ते मोठे झाले. मराठी गाण्याची त्यांची पहिली शाळा म्हणजे आईच.

पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचं काम केलं, मग गिरणीत कामाला लागले. गिरणीच्या संपात पुढे राहिले म्हणून तुरुंगवास भोगला. विसापूरच्या तुरुंगात कॉम्रेड रेड्डी भेटले आणि मेहबूब कम्युनिस्ट झाले. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करताना मित्रांनी त्यांना अमर शेख हे नाव दिलं. याच नावाला पुढे मराठी माणसानं डोक्यावर घेतलं.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पोवाडा, लावणी, तमाशा हे सगळे प्रकार लोकांच्या ओळखीचेच. त्यात यांनी भाववाढ, सावकारी, संप, बेकारी हे विषय आणले. लिहिता-वाचता न येणाऱ्या कामगारापर्यंत वर्तमानपत्र पोचत नव्हतं, पण गाणं पोचत होतं. एकदा ऐकलेली चाल तो घरी घेऊन जाई आणि चालीबरोबर विचारही जाई.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या ताकदीची खरी कसोटी लागली. मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्ली तयार नव्हती. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला, आणि पुढे या लढ्यात शंभरावर माणसं हुतात्मा झाली. या काळात अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही लावणी अमर शेख यांच्या आवाजात गाजली. बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेल्या गड्याची ही कहाणी. ताटातुटीचं ते दुःख हळूहळू महाराष्ट्रापासून तोडलेल्या मुलखाचं दुःख होतं. गिरणगावातल्या हजारो कामगारांची बायका-मुलं गावीच होती. त्यामुळे नकाशावरचा प्रश्न त्यांना थेट आपल्या घरचा वाटला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्यात या गाण्यांचा वाटा मोठा आहे.

गोवामुक्तीच्या आंदोलनातही ते होते. १९६२ साली चीनचं आक्रमण झालं तेव्हा कम्युनिस्ट पक्षातच मतभेद होते. पण अमर शेख यांनी शेकडो कार्यक्रम केले आणि संरक्षण निधीला लाखो रुपये मिळवून दिले. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे काव्यसंग्रह, 'पहिला बळी' हे नाटक. 'प्रपंच' आणि 'महात्मा फुले' या चित्रपटांत त्यांनी भूमिकाही केल्या. कवयित्री मलिका अमर शेख या त्यांच्या कन्या.

१९६९ हे साल फार वाईट ठरलं. जूनमध्ये आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. वय अवघं बावन्न.

अमर शेख धार्मिक नेते नव्हते, कम्युनिस्ट होते. म्हणून आपल्यातल्या काहींना ते आपले वाटत नाहीत. दुसरीकडे, मुसलमानांचा आणि मराठीचा काय संबंध, असं आजही आपल्या मुलांना ऐकवलं जातं. या दोन्हींच्या मधे हा माणूस विसरला जातोय, आणि आम्हाला याचीच खंत वाटते. ज्या राज्यात आपण राहतो ते मागायला बार्शीच्या मुनेरबींचा मुलगा सगळ्यांच्या पुढे उभा होता. येत्या १ मेला शाळेतल्या भाषणासाठी मुलं विषय विचारतील, तेव्हा त्यांना हे नाव जरूर द्या. त्याआधी घरात एकदा त्यांचं गाणंही लावा. मुनेरबींबद्दलही सांगा.