सोलापूरचा पॉली : विद्यापीठाच्या मैदानातून कसोटीच्या शिखराकडे

सोलापूर : गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या शहराचे घड्याळ चालत असे, त्या सोलापुरात २८ मार्च १९२६ रोजी एका पारशी कुटुंबात एक मुलगा जन्मला. नाव ठेवले पहलन रतनजी उम्रीगर. पुढे क्रिकेटजगताने त्याला पॉली या लाडक्या नावानेच ओळखले. भारताच्या वतीने कसोटी क्रिकेटमधील पहिले द्विशतक झळकावण्याचा मान याच सोलापूरच्या सुपुत्राच्या नावावर कायमचा कोरला गेला आहे.

वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाल्यापासून कापड आणि सोलापूर हे समीकरण पक्के झाले होते. उम्रीगर यांचे बालपण या शहरात गेले. मात्र शालेय वयातच कुटुंबाने मुंबईची वाट धरली. सोलापुरात दयानंद महाविद्यालय सुरू झाले ते १९४० मध्ये. तोवर उच्च शिक्षण घेऊ पाहणाऱ्या येथील मुलांना पुण्या-मुंबईचाच रस्ता धरावा लागे. उम्रीगर यांना मुंबईने शिक्षण तर दिलेच, शिवाय खेळाचे विशाल अंगणही दिले.

त्या काळी मुंबईत क्रिकेटपटू घडत ते शाळा आणि महाविद्यालयांच्या मैदानांवर. १९३५-३६ पासून देशभरातील विद्यापीठांचे संघ रोहिंटन बारिया करंडकासाठी झुंजू लागले आणि विद्यापीठाचा संघ ही रणजी आणि कसोटी संघांची पहिली पायरी ठरली. सेंट झेवियर्स महाविद्यालयात विज्ञान शाखेचे शिक्षण घेत असलेला हा उंचापुरा, भरदार बांध्याचा तरुण याच पायरीवरून वर चढला. १९४४ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, पंचरंगी स्पर्धेत पारशी संघाकडून त्याने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्वही त्याच्याकडे आले.

नशिबाचे दार उघडले ते १९४८ मध्ये. भारत दौऱ्यावर आलेल्या बलाढ्य वेस्ट इंडीज संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठ संघाकडून खेळताना उम्रीगर यांनी नाबाद ११५ धावा केल्या. विद्यार्थ्यांच्या संघातील या फलंदाजाची दखल घेणे निवड समितीला भाग पडले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी कसोटी पदार्पण केले. मात्र या एका सामन्यानंतर पुढील संधीसाठी त्यांना तीन वर्षे वाट पाहावी लागली.

१९५१-५२ च्या मोसमात इंग्लंडचा संघ भारतात आला. पहिल्या चार कसोटींत उम्रीगर यांची बॅट अबोलच राहिली. मद्रासच्या पाचव्या कसोटीसाठी त्यांना वगळण्यातही आले होते. ऐनवेळी हेमू अधिकारी जखमी झाले आणि त्यांच्या जागी उम्रीगर मैदानात उतरले. तळाच्या फळीला हाताशी धरून त्यांनी नाबाद १३० धावांची खेळी साकारली. विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले आणि १० फेब्रुवारी १९५२ रोजी भारताने एक डाव आणि आठ धावांनी आपला पहिलावहिला कसोटी विजय नोंदविला. कसोटीचा दर्जा मिळाल्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या या विजयात मूळ संघात नसलेल्या खेळाडूचा सिंहाचा वाटा होता.

मात्र कौतुकाचे हे दिवस फार टिकले नाहीत. त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात फ्रेड ट्रूमन यांच्या वेगाने भारतीय फलंदाजीची दाणादाण उडविली. चार कसोटींच्या सात डावांत उम्रीगर यांना अवघ्या ४३ धावा करता आल्या. याच दौऱ्यातील अन्य सामन्यांत त्यांनी तीन द्विशतके ठोकली आणि प्रथम श्रेणीच्या दीड हजारांहून अधिक धावा जमविल्या, ही त्यातील विसंगती. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या ४३ धावाच. वेगवान गोलंदाजीला घाबरणारा फलंदाज, असा शिक्का त्यांच्या माथी बसला.

हा शिक्का पुसण्यासाठी त्यांनी शब्दांचा आधार घेतला नाही. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी कसोटी मालिकेत ५६० धावा फटकावल्या. १९५९ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले, तेव्हा मँचेस्टर कसोटीत ११८ धावांची खेळी करून त्यांनी जुना हिशेब काही अंशी चुकता केला. प्रथम श्रेणीतील त्यांची सर्वोच्च, नाबाद २५२ धावांची खेळीही याच दौऱ्यातील. विद्यापीठ क्रिकेटमधून वर आलेल्या या फलंदाजाने ती केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध साकारावी, हा योगायोग सुखद म्हणावा लागेल.

तत्पूर्वी, नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादच्या फतेह मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध उम्रीगर यांनी २२३ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे कसोटीतील हे पहिले द्विशतक. पुढच्याच कसोटीपासून कर्णधारपदाची धुराही त्यांच्याकडे आली आणि भारताने ती मालिका २-० अशी जिंकली. एकूण आठ कसोटींत त्यांनी नेतृत्व केले.

कर्णधारपदाचा शेवट मात्र वादळी ठरला. जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मद्रास कसोटीच्या पूर्वसंध्येला संघनिवडीवरून पेच उभा राहिला. रिकाम्या जागी फलंदाज हवा, असा कर्णधाराचा आग्रह होता, तर क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांना गोलंदाज हवा होता. आपल्या मताला किंमत नसेल तर नेतृत्वाला अर्थ नाही, हे ओळखून उम्रीगर यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी मंकड यांच्या नेतृत्वाखाली ते साधा खेळाडू म्हणून मैदानात उतरले. पाच कसोटींत चार कर्णधार पाहणाऱ्या त्या मालिकेत स्वाभिमान आणि संघनिष्ठा यांची सांगड कशी घालावी, हे त्यांनी कृतीतून दाखविले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच नमविले. त्या सामन्याचे नायक जसू पटेल असले, तरी दुसऱ्या डावात २७ धावांत चार बळी घेऊन उम्रीगर यांनी त्यांना मोलाची साथ दिली.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात गाठला गेला. बार्बाडोसमध्ये कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू आदळला. मृत्यूशी झुंजणाऱ्या आपल्या सहकाऱ्यासाठी रक्त देणाऱ्यांत उम्रीगरही होते. त्यानंतर २१ वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे नेतृत्व सोपविण्यात आले. ज्येष्ठ असूनही उम्रीगर या तरुण कर्णधाराच्या हाताखाली खेळले. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांनी १०७ धावांत पाच बळी घेतले, पहिल्या डावात ५६ आणि फॉलोऑननंतर नाबाद १७२ धावा केल्या. वेस्ली हॉल यांच्यासारखा वेगवान गोलंदाज समोर असताना केलेली ही खेळी म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या आक्षेपाला दिलेले अखेरचे उत्तर होते. सामना भारताने गमावला. पण उम्रीगर यांच्या धैर्याविषयी शंका उरली नाही.

त्याच दौऱ्याअखेर त्यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतके आणि ३५ बळी अशी त्यांची कामगिरी होती. सर्वाधिक सामने, धावा आणि शतके हे तिन्ही भारतीय विक्रम तेव्हा त्यांच्याच नावावर होते. ते मोडायला सुनील गावसकर यांची पिढी यावी लागली. १९६२ मध्येच त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

निवृत्तीनंतरही मैदानाशी असलेले नाते तुटले नाही. भारतीय संघाचे व्यवस्थापक, निवड समितीचे अध्यक्ष, मंडळाचे आणि मुंबई क्रिकेट संघटनेचे पदाधिकारी अशा अनेक जबाबदाऱ्या त्यांनी सांभाळल्या. वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची निगाही त्यांनी राखली. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूला मंडळाकडून दिला जाणारा पुरस्कार त्यांच्याच नावाचा आहे.

ज्या शहरातून उम्रीगर बाहेर पडले, त्या सोलापूरला २००४ मध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये येथील पार्क मैदानाने रणजी सामनाही पाहिला. या मैदानावर सकाळी सरावाला येणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना आता विद्यापीठाच्या संघात शिरण्यासाठी गाव सोडावे लागत नाही. पहिला कसोटी विजय, पहिले द्विशतक आणि पुसून टाकलेला एक खोटा शिक्का, एवढी शिदोरी त्यांच्याच गावच्या एका मुलाने त्यांच्यासाठी मागे ठेवली आहे.