जॉन मार्टिन: समुद्रातला 'बग' शोधणारा माणूस

कोड बरोबर असतो, सर्व्हर धडधाकट असतो, पण एक बारीकशी लायब्ररी नसेल तर सगळं ठप्प! समुद्रातली अशीच एक 'मिसिंग डिपेंडन्सी' शोधणारे जॉन मार्टिन मला म्हणूनच जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १९३५ चा, अमेरिकेतला. तरुणपणी पोलिओ झाला, तरी ते समुद्रशास्त्रज्ञ झाले आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग प्रयोगशाळेचे संचालक.

तेव्हा एक कोडं होतं. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, मग सूक्ष्म शैवाल इतकं कमी का? शैवालाला प्रकाशसंश्लेषणासाठी आणि नायट्रेट वापरण्यासाठी लोह लागतं. पण जुन्या मोजमापांत तर लोह पुरेसं दिसायचं!

गडबड मोजण्यातच होती. जहाज लोखंडाचं, त्याचा गंज नमुन्यात मिसळायचा. मार्टिन यांच्या टीमने अत्यंत स्वच्छ पद्धतीने नमुने घेतले, तेव्हा लोह जवळपास नव्हतंच. १९८८ मध्ये त्यांनी दाखवलं, की अलास्काजवळच्या पाण्याच्या बाटल्यांत किंचित लोह टाकलं तरी शैवाल जोमाने वाढतं.

बाटली म्हणजे समुद्र नव्हे, असा आक्षेप आला. मग त्यांनी खुल्या समुद्रातला प्रयोग आखला. पण जून १९९३ मध्ये कर्करोगाने ते गेले. ऑक्टोबरमध्ये सहकाऱ्यांनी गॅलापागोसजवळ सुमारे ४५० किलो लोह सोडलं, आणि शैवाल खरंच वाढलं.

प्रॉडक्शनमधली टेस्ट पास झाली, पण ती पाहायला मार्टिन नव्हते. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली: उत्तर जुळत नसेल, तर आधी मोजपट्टी तपासा.