लव्हाळ्याआडची नजर

वाईकर पक्षीवेड्यांना कृष्णाकाठ आणि धोम धरणाचा फुगवटा काही नवा नाही. पक्षी तिथे पुष्कळ. पण कॅमेरा लावला की सगळे गडप! वंचक चिखलाच्या रंगात मिसळून जातो, पाणकोंबडी पाणकणसांत शिरते आणि कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस नेमका पुढच्या पात्यावर बसतो. अशा वेळी मला हटकून आठवतात ते लोक वान थो.

सिंगापूर-मलेशियात हे नाव ‘कॅथे’ चित्रपटगृहांमुळे घरोघरी पोचले. क्वालालंपूरच्या धनाढ्य घराण्यात १९१५ साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले, आईने वाढवले. शिक्षण स्वित्झर्लंडला आणि पुढे केंब्रिजला. परत येऊन धंदा हाती घेतला, तोच महायुद्ध येऊन ठेपले. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी फौजा सिंगापूरच्या दाराशी आल्या, तेव्हा ते जहाजाने निघाले. बांका सामुद्रधुनीत त्या जहाजावर बॉम्ब पडले. वान थो वाचले. पण अंग भाजले आणि काही काळ दृष्टीही गेली.

उपचारांनंतर दृष्टी परतली आणि ते भारतात आले. इथे त्यांची गाठ पडली मुंबईच्या डॉ. सालिम अलींशी. अलींच्या पिढीतले अभ्यासक पक्षी ओळखण्यासाठी, नमुने जमवण्यासाठी बंदूक वापरत. वान थोंनी हाती धरला तो कॅमेरा. अंधार अनुभवलेल्या माणसाने पाखरे बघण्याचा छंद घ्यावा, यात मला तरी मोठे सांत्वन दिसते. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. अलींच्या पक्षी-मोहिमांना वान थोंनी पैशांचेही पाठबळ दिले. १९५७ मध्ये त्यांचे पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले.

त्या काळचे पक्षी-छायाचित्रण म्हणजे तपश्चर्याच. कॅमेरे अवजड, फिल्म मंद, फोकस हातानेच साधायचा. लपण उभारून आत तासन्‌तास बसायचे. एक युक्ती तेव्हापासून सर्वत्र चालते: दोघांनी लपणात जायचे आणि एकाने निघून यायचे. पक्ष्याला वाटते, माणूस गेला!

आज कॅमेरे हलके झाले, पण लव्हाळी तशीच आहेत. मी शिकलो ते इतकेच. फोकस हाताने घ्यावा किंवा एकाच बिंदूवर ठेवावा. पाण्याच्या पातळीइतके खाली बसावे, म्हणजे मागची झाडी दूर जाऊन पुसट होते. आणि पक्ष्यामागे न धावता गवतातली फट हेरून तिथेच थांबावे. शेकाट्या किंवा पाणकोंबडी केव्हातरी तिथून जातेच. एखादे पाते आडवे आले तर येऊ द्यावे. ते त्याचे घर आहे.

घरट्याजवळचे छायाचित्रण त्या काळी सर्वमान्य होते. आता जाणकार ते टाळायला सांगतात. आडोशाच्या फांद्या वाकवल्या, की अंडी उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात.

२० जून १९६४ रोजी तैवानमध्ये विमान कोसळून वान थो पत्नीसह गेले. वय अवघे एकोणपन्नास. तेवीस वर्षांनी, १९८७ मध्ये, सालिम अलींनीही २० जूनलाच निरोप घेतला. धंदा, पैसा मागे राहिला. मैत्री आणि पाखरे लक्षात राहिली. म्हणून घरातल्या मुलांच्या हाती कॅमेरा देताना एवढे जरूर सांगा: छायाचित्र हुकले तर पुढचा रविवार आहेच, उघडे पडलेले घरटे मात्र पुन्हा झाकता येत नाही.