विश्लेषण : कमी ताकदीचे इंजिन, तरी सरस गाडी! कोण होते विताली ग्राचोव?

अंतराळयान पृथ्वीवर उतरले, की मोहीम संपली असे आपल्याला वाटते. पण यान ठरलेली जागा सोडून शेकडो किलोमीटर दूर, बर्फाच्या जंगलात किंवा दलदलीत उतरले तर? या प्रश्नाला सोव्हिएत अभियंत्यांनी दिलेले उत्तर म्हणजे जमिनीवर धावणारी आणि पाण्यात तरंगणारी सहा चाकांची निळी गाडी. ती घडवणारे विताली ग्राचोव ती सेवेत दाखल होण्याआधीच गेले. त्यांच्या साडेचार दशकांच्या कारकीर्दीत एक अडचण पुन:पुन्हा समोर आली : हवे ते इंजिन हाताशी नसताना गाडी कशी बनवायची?

ग्राचोव यांची सुरुवात कुठून झाली?

ग्राचोव यांचा जन्म १९०३चा. १९३१मध्ये ते गॉर्की शहरातील ‘गाझ’ या मोटार कारखान्यात रुजू झाले. तिथे त्यांनी तीन अ‍ॅक्सलच्या ‘गाझ-एएए’ ट्रकवर काम केले. त्यानंतर आली ‘गाझ-६१’ ही चारही चाकांना ताकद देणारी मोटार. तिचा पाया होता ‘एम-१’ ही साधी कार आणि त्या कारचे चार सिलिंडरचे इंजिन होते ५० अश्वशक्तीचे. ‘गाझ-६१’मध्ये त्याऐवजी साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसले आणि ही गाडी चिखल, चढ, बर्फ सहज पार करू लागली. मार्शल झुकोव्ह यांनीही युद्धात ती वापरली. मात्र ती जेमतेम काहीशे बनली. सहा सिलिंडरचे तेच इंजिन पुढे टी-६० या हलक्या रणगाड्यांसाठी लागू लागले. १९४१मधील ‘गाझ-६४’ ही लष्करी जीप आणि तिच्यावर बेतलेली ‘बीए-६४’ चिलखती गाडी ग्राचोव यांनी चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनावरच उभी केली. ‘बीए-६४’ नऊ हजारांहून अधिक बनल्या. १९४२मध्ये ग्राचोव यांना स्टालिन पुरस्कार मिळाला.

तरंगणारा ट्रक कसा घडला?

१९४४मध्ये ग्राचोव आजच्या युक्रेनमधील द्निप्रो शहरातल्या नव्या मोटार कारखान्यात गेले. युद्धकाळात अमेरिकेकडून ‘डीयूकेडब्ल्यू’ हा सहा चाकांचा तरंगता ट्रक सोव्हिएत संघाला मिळाला होता. त्यावरून ग्राचोव यांच्या पथकाने स्वत:चा ट्रक तयार केला. त्यात सोव्हिएत ट्रकचेच इंजिन आणि सुटे भाग होते. अमेरिकी ट्रकला मागे दार नव्हते, त्यामुळे माल वरून चढवावा लागे. या ट्रकला मागे खाली उघडणारे दार मिळाले, त्यामुळे छोटी गाडी किंवा तोफ थेट आत नेता येऊ लागली. या कामासाठी १९५१मध्ये त्यांना दुसऱ्यांदा स्टालिन पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास द्निप्रोचा कारखाना क्षेपणास्त्रांसाठी देण्यात आला आणि ग्राचोव आपला ट्रक घेऊन मॉस्कोच्या ‘झिल’ कारखान्यात आले. चालत्या गाडीतून टायरमधली हवा कमी-जास्त करण्याची सोयही त्यांच्या पथकाने तिथे पुढे नेली. हवा कमी केली की टायर पसरतो आणि मऊ जमिनीत चाक रुतत नाही.

एकाच गाडीत दोन इंजिने का?

१९५४पासून ग्राचोव ‘झिल’च्या विशेष रचना विभागाचे प्रमुख होते. तिथे रॉकेट वाहून नेण्यासाठी आठ चाकांची ‘झिल-१३५’ बनली. इतक्या जड गाडीला पुरेल असे एक इंजिन उपलब्ध नव्हते, म्हणून दोन बसवली. डावे इंजिन डावीकडची चार चाके फिरवी, उजवे उजवीकडची. एक बंद पडले तरी गाडी जागेवर अडकून राहत नसे. सुरुवातीची इंजिने कमी पडली म्हणून नंतर १८० अश्वशक्तीची दोन आली. पुढे ब्र्यान्स्कच्या कारखान्यातील एका आवृत्तीत या जोडीच्या जागी ३०० अश्वशक्तीचे एकच डिझेल इंजिन बसवले गेले. म्हणजे दोन इंजिनांची रचना ही त्या वेळची गरज होती.

अंतराळवीरांना गाडी कशासाठी हवी होती?

१९ मार्च १९६५ रोजी ‘वस्खोद-२’ यानातील पावेल बेल्यायेव आणि अलेक्सेई लिओनोव्ह यांना स्वयंचलित यंत्रणा बिघडल्याने स्वत: यान उतरवावे लागले. ते पर्मच्या घनदाट जंगलात, खोल बर्फात उतरले. हेलिकॉप्टरला वरून ते दिसत होते, पण झाडांमुळे उतरता येत नव्हते. दोघांना कडाक्याच्या थंडीत दोन रात्री काढाव्या लागल्या आणि शेवटी स्कीवरून हेलिकॉप्टरपर्यंत जावे लागले. हिमवादळात तर हेलिकॉप्टर उडूच शकत नाही. त्याच सुमारास शोध आणि सुटकेच्या गाडीचे काम ग्राचोव यांच्याकडे आले. १९६६मध्ये ‘पीईएस-१’ तयार झाली : सहा चाके, फायबरग्लासचे कवच, यान उचलणारी क्रेन आणि १८० अश्वशक्तीचे सात लिटरचे इंजिन.

मग इंजिन लहान का केले?

पुढची पिढी म्हणजे १९७५मध्ये चाचणीसाठी आलेली ‘झिल-४९०६’. तिच्या निळ्या रंगामुळे तिला ‘निळा पक्षी’ म्हणू लागले. तिच्यात १५० अश्वशक्तीचे सहा लिटरचे इंजिन होते, म्हणजे आधीपेक्षा ३० अश्वशक्ती कमी. हे इंजिन ‘झिल-१३०’ या देशभर धावणाऱ्या ट्रकचे. त्याचे सुटे भाग आणि ते खोलता येणारा मेकॅनिक कुठेही सापडे. सात लिटरचे इंजिन पेट्रोल जास्त पिई आणि त्याला वरच्या दर्जाचे पेट्रोलही लागे. सैबेरियातल्या एखाद्या खेड्यात ते मिळेलच असे नाही. लहान इंजिनाचे काम साध्या पेट्रोलवर भागे.

तरंगणाऱ्या गाडीत मोठे इंजिन बसवून फायदाही मर्यादितच. पाण्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. ही गाडी रस्त्यावर ताशी सुमारे ७५ किलोमीटर धावे, पण पाण्यात जेमतेम आठ. शिवाय जड इंजिनामुळे गाडी पाण्यात एका बाजूला कलते. बंद कवचात जास्त उष्णता साठते आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. म्हणून अशा गाडीचे इंजिन बदलताना वजन, थंड हवेची वाट आणि गिअरबॉक्स यांचा हिशेब आधी करावा लागतो.

गाडीचे पुढे काय झाले?

जिथे चाकेही चालत नाहीत अशा दलदलीसाठी ‘निळा पक्षी’ आपल्या पाठीवर एक छोटे वाहन नेतो. दोन लांब स्क्रूंवर सरकणाऱ्या या वाहनाच्या नंतरच्या आवृत्तीत लाडा कारची दोन इंजिने आहेत.

ग्राचोव यांचे निधन डिसेंबर १९७८मध्ये झाले. गाडी सेवेत दाखल झाली १९८१मध्ये. कझाकस्तानच्या गवताळ मैदानात सोयुझ यान उतरले, की हेलिकॉप्टरांच्या मागोमाग या निळ्या गाड्या तिथे पोहोचताना दिसू लागल्या. ग्राचोव यांनी निवडलेले ट्रकचे इंजिन घेऊन त्या पुढची अनेक दशके अंतराळवीरांना आणायला जात राहिल्या.