पासोडीवर ग्रंथ लिहिणारे दासोपंत

पासोडी म्हणजे अंगावर पांघरण्याचे जाडेभरडे सुती वस्त्र. व्यवहारातून मागे पडलेला हा शब्द मराठी साहित्यात टिकला तो दासोपंतांमुळे.

शके १४७३ मध्ये (इ. स. १५५१) नारायणपेठच्या देशपांडे घराण्यात त्यांचा जन्म झाला. परंपरेनुसार, दत्तभक्तीच्या ओढीने घर सोडून ते नांदेडमार्गे माहूरला गेले. तेथे १२ वर्षे साधना करून पुढे ते अंबाजोगाईस स्थिरावले. 'गीतार्णवा'सारखा प्रचंड ग्रंथ रचणाऱ्या या कवीने 'पंचीकरण' मात्र कागदावर न लिहिता सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर उतरविले. शके १५३७ मध्ये त्यांनी देह ठेवला. वस्त्र जीर्ण झाले. पण पांघरुणाचे नाव ग्रंथाचे नाव होऊन राहिले.