हिरो म्हणून आपटलेल्या मराठी पोराने हिंदी सिनेमाला रॉक अँड रोलवर नाचवलं

अकोल्यातली वरात असो की अमरावतीतल्या कॉलेजचं गॅदरिंग, 'ईना मीना डीका' सुरू झालं की बसलेली माणसंही ठेका धरतात. किशोर कुमारचं हे गाणं सगळ्यांना पाठ असतं, पण ते रचणारा माणूस अस्सल मराठी होता आणि तो मुळात संगीतकार व्हायला आलाच नव्हता, हे कमी जणांना ठाऊक असतं.

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. जन्म १२ जानेवारी १९१८, नगर जिल्ह्यातलं पुणतांबा. नागपुरात शंकरराव सप्रे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शास्त्रीय गाणं शिकले. पण डोक्यात सिनेमा होता.

१९३५ साली 'नागानंद'मध्ये ते थेट हिरो झाले. पिक्चर पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका मिळाल्या. अभिनयात काही जमेना, तेव्हा तिथेच ते हार्मोनियम वाजवू लागले. हिरोचा साथीदार झाला, पण इथूनच गाडी रुळावर आली.

कारण त्यांना भेटले भगवान दादा. अमरावतीत जन्मलेले आणि मुंबईच्या गिरणगावात वाढलेले. दादांच्या तमिळ सिनेमांना आणि १९४२ च्या 'सुखी जीवन'ला सी. रामचंद्रांनी संगीत दिलं आणि जोडी जमली.

त्या काळी हिंदी गाण्यावर राग आणि लोकसंगीताचा पगडा होता. सी. रामचंद्रांनी १९४७ च्या 'शहनाई'त गिटार, माउथ ऑर्गन आणि शिट्टी आणली. 'आना मेरी जान संडे के संडे' देशभर गाजलं. त्यांच्या ताफ्यात गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होता. हॉटेलांत जॅझ वाजवणारे असे गोवेकर वादक आता सिनेमाचं गाणं वाजवू लागले.

१९५१ साली भगवान दादांचा 'अलबेला' आला. पडद्यावर नाचत होते दादा, आवाज होता चितळकर नावाच्या गायकाचा. हा चितळकर म्हणजे खुद्द सी. रामचंद्र! हिरो म्हणून ज्याला प्रेक्षकांनी नाकारलं, त्याच्याच आवाजावर आता थिएटर डोलत होतं.

तोवर अमेरिकेत बिल हेलीच्या 'रॉक अराउंड द क्लॉक'ने पोरांना वेड लावलं होतं. १९५७ च्या 'आशा'त सी. रामचंद्रांनी तोच ठेका हिंदीत आणला. गाण्याचे बोल पोरांच्या खेळातल्या बडबडीवरून सुचले आणि त्यातलं 'माका नाका' हे त्यांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी कोकणीतून दिलं, असं सांगतात. हिंदी सिनेमाच्या सुरुवातीच्या रॉक अँड रोल गाण्यांत ते आजही मोजलं जातं.

पण ते फक्त धांगडधिंगा करणारे नव्हते. 'अनारकली'ची हळवी गाणी त्यांचीच. २७ जानेवारी १९६३ रोजी लतादीदींनी दिल्लीत गायलेलं 'ऐ मेरे वतन के लोगों' हीसुद्धा त्यांचीच चाल.

आणि अभिनयाचा किडा? तो गेलाच नाही. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे मराठी सिनेमे त्यांनी स्वतः काढले, संगीत दिलं आणि त्यात कामही केलं. आता रोल द्यायला कुणाच्या दारात उभं राहायची गरज नव्हती.

५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. 'नागानंद' आज कुणाला आठवत नाही. 'ईना मीना डीका' मात्र पुढच्या वरातीतही वाजणारच.