हळदोण्याचे चिक चॉकलेट

सावनेर येथील गायनवृंदात गिटार वाजविणारे आमचे काही तरुण मिस्साबलिदान आटोपल्यावर जॅझ-फ्यूजनमधील सोलो वाजवून पाहतात. आयत्या वेळी सुचेल ते वाजविण्याची त्यांना मोठी ओढ आहे. त्यासाठी स्केल व आर्पेजिओ रोज घोटावे लागतात, हे मात्र त्यांना जाचक वाटते. त्यांच्या निमित्ताने एका गोमंतकीय कॅथोलिक कलावंताचे चरित्र आम्ही येथे देत आहोत. हा कलावंत गिटारवादक नव्हता, ट्रंपेटवादक होता. परंतु विद्या तीच.

मुंबईत चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अँटोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ साली बार्देश तालुक्यातील हळदोणे येथे झाला. तेथील संत थॉमस यांचे चर्च १५९६ सालचे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडून धर्मग्रामशाळा असत. मेस्त म्हणजे संगीतशिक्षक मुलांकडून स्वरलेखन वाचून घेई, ते गाऊन घेई आणि हाती व्हायोलिन देई. रविवारी आणि फेस्ताच्या दिवशी उपासनेत गायक-वादकांची उणीव भासू नये, एवढाच त्यामागील हेतू. याच शाळांतून पुढे हिंदी चित्रपटसृष्टीला वादकांच्या पिढ्या मिळतील, हे त्या मेस्तांच्या स्वप्नीही नसेल.

गोव्यात वादकाचे पोट भरत नसे; म्हणून अनेकांनी मुंबईची वाट धरली. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचे आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंदपथक ताजमहाल हॉटेलात आले आणि जॅझ म्हणजे काय, हे आपल्या वादकांना समोर ऐकावयास मिळाले. चिक यांनी लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानले. पुढे त्यांचे स्वतःचे पथक ताजमध्ये वाजवू लागले आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

येथे थोडे थांबून ही विद्या समजून घेऊ. रागगायनात षड्ज अचल असतो. आलाप-ताना त्याच्या आधाराने फिरतात. जॅझमध्ये मात्र खालचा स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, दर एक-दोन मात्रागटांनी बदलतो. आता गोड लागलेला स्वर पुढच्याच क्षणी बोचू शकतो. म्हणून वादकाला प्रत्येक कॉर्डमधील स्वर सुटे सुटे, क्रमाने वाजविता यावे लागतात. हेच आर्पेजिओ. ते मुक्कामाचे स्वर. स्केलमधील उरलेले स्वर एका मुक्कामाहून दुसऱ्याकडे नेणारी वाट. कॉर्ड बदलताच जवळच्या मुक्कामावर अलगद उतरणे, यात सारे कौशल्य. गिटारवर तर तोच स्वर अनेक ठिकाणी सापडतो, त्यामुळे बोटांना ही वाट अधिकच पाठ असावी लागते. ऐकणाऱ्याला जे क्षणात सुचलेले वाटते, त्यामागे वर्षांची घोटणी असते.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर नृत्यगृहांचा धंदा मंदावला आणि वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे अधिक वळले. चिक हे संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. पुणतांब्याचे हे रामचंद्र चितळकर नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले, ही गोष्ट आम्हा विदर्भवासीयांना विशेष वाटावी. चाल रामचंद्रांची, तिच्याखाली कॉर्ड आणि भोवती वाद्यमेळ गोमंतकीय वादकांचा, अशी ती जोडी. भगवानदादांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक व त्यांचे सहकारी पडद्यावरही दिसतात. त्याच वर्षीच्या ‘नादान’ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. १९६६ सालच्या ‘आखरी खत’मध्ये तरुण भूपिंदर सिंग यांच्या गाण्याला त्यांची ट्रंपेट आहे. मूळ चाल खय्याम यांची. पण ट्रंपेट वगळून ते गाणे आठवून पाहा.

नाव मात्र संगीतकाराचेच झाले. ते अन्यायाचे होते असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘साहाय्यक’ या एका शब्दाखाली किती वादकांची कल्पकता गाडली गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आणि आपल्या चर्चचे काय? संत दहावे पायस यांनी १९०३ सालच्या आदेशाने उपासनेत पियानो, ढोल यांसारखी वाद्ये वर्ज्य ठरविली होती. ज्या मुलांना आपण स्वर शिकविले, त्यांनी नृत्यगृहात मिळविलेली कला चर्चच्या दाराबाहेरच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेस साजेशी व योग्य ती इतर वाद्ये स्वीकारण्यास वाट दिली. मार्च १९६७ मध्ये पवित्र संगीताविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले, त्यातही केवळ ऐहिक संगीतासाठीच मानली जाणारी वाद्ये दूर ठेवण्यास सांगितले होते. आज सावनेरला वेदीजवळ गिटार वाजते, तिला इतका वळसा घालून यावे लागले.

त्याच वर्षी, १९६७ च्या मे महिन्यात, चिक चॉकलेट देवाघरी गेले. वय जेमतेम पन्नाशी ओलांडलेले. फ्यूजन म्हणून आमची मुले जे वाजवितात, त्याचा बोलबाला होण्यास अद्याप दोन-तीन वर्षे होती.